तळाचा तांबडा

ग्रिम्सबीत रंगांचं दुकान बुधवारी अर्धा दिवस बंद,
म्हणून मी मंगळवारी गेले,
फिश फॅक्टरीतली जाळीची टोपी खिशात कोंबून.

काउंटरवरच्या बाईनं तिन्ही पुढ्यात मांडले :
इवलीशी पत्र्याची डबी, नाण्यानं उचकटायची,
थेंब थेंब पिळायची प्लास्टिकची बाटली,
आणि एक काचेची, लेबलावर कवटी.
कवटी नको, म्हटलं.
माझ्या स्वयंपाकघराची खिडकी ऑक्टोबरपासून फुगून बसलीय,
लॅकरचा धूर जाणार कुठं?

उरले दोन.
ॲक्रिलिक वीस मिनिटांत कोरडा, ब्रश नळाखाली धुवा, झालं.
पण तो काही विसरत नाही;
हात जिथं अडखळला तिथं
ओल्या केसांत फणी फिरवल्यासारख्या रेघा.
इनॅमल रात्रभर ओला, वर टर्पेंटाइन, डोकं चढतं.
पण त्याला धीर आहे,
आपले ओरखडे आपणच भरून घेतो,
दुधावर साय धरावी तसा.

किट माझं नाहीच.
ते विल्फ कटरिजचं, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचं,
सतरा वर्षं ट्रॉलरवर स्वयंपाकी.
आता दोन्ही डोळ्यांच्या मधोमध राखाडी डाग;
माणसाच्या कडा दिसतात, म्हणतो, माणूस नाही.
सांगाडा त्यानं चाचपत जोडला आणि बोट माझ्याकडे सरकवली :
"तू लॅबमध्ये असतेस. तुझा हात स्थिर."
पेट्री डिशमधले ठिपके मोजणारा हात.

"इनॅमल," तो म्हणाला. मी विचारलंही नव्हतं.
"वाळलं की नाही ते नाकाला कळतं.
तुझं ते पाण्याचं मला कसं कळावं?"

तरी मी ॲक्रिलिकच आणला.
शिफ्ट सकाळी सहाची. ओल्या बोटीची राखण कोण करणार?
तळाला तांबडा, वर काळा, तीन-तीन हात.
बोट त्याच्या हातात ठेवली.
त्यानं ती नाकाशी धरली, उलटी केली, पुन्हा धरली.
"छान," म्हणाला. "रंगवणार कधी?"

मी बराच वेळ गप्प.
मग विचारलं, खऱ्या बोटीला खाली काय लावायचे?
"रेड लेड. जवसाच्या तेलात कालवून.
चवीला गोड लागतं म्हणे,
म्हणून पोरांना डब्याजवळ फिरकू द्यायचे नाहीत."

घरी येऊन शब्द शोधला.
शेंदूर.

तेलात कालवलेला शेंदूर!
आमच्या शिवेवरच्या दगडावर त्याचे इतके थर
की आत दगड कसा होता ते गावात कुणाला ठाऊक नाही.
एकदा उन्हाळ्यात भली मोठी खपली निघाली,
तर माणसं धावत आली, तेलाची वाटी घेऊन.
आणि इथं तोच, आइसलँडच्या पाण्यात उतरणाऱ्या लोखंडाला.
तिकडं देव दिसावा म्हणून,
इकडं गंज चढू नये म्हणून.
फरक असेलही. मला त्या रात्री सापडला नाही.

दुकानातली बाई म्हणाली,
"पाण्याच्या रंगावर तेलाचा चालतो. उलटं करू नकोस, तडे जातात."
मी डबी घेतली. सगळ्यात लहान.

विल्फनं खांदा लावून माझी खिडकी उघडून दिली.
तळाला एकच हात दिला, पातळ.
मग तो खुर्ची ओढून बसला,
तासा-दीड तासानं पुढं वाकून हुंगायचा :
"अजून नाही."
चहा झाला. बातम्या झाल्या.
"अजून नाही."
अकरा वाजता मी त्याला घरी पोचवला, तर दारातून :
"पहाटे एकदा बघशील?"

पहाटे बघितलं. नखाला लागला.

हातमोजे चढवताना सुपरवायझर म्हणाली, हे काय, रक्त?
नाही, म्हटलं,
पाण्याखालचा भाग आहे.